पंचांना विचारा

प्रश्न : वाडीच्या टेनिस बॉल स्पर्धेत भाच्याने चेंडू न टाकताच नॉन-स्ट्रायकरला (गोलंदाजाकडच्या टोकाला उभ्या, क्रीज म्हणजे रेषा सोडून पुढे गेलेल्या फलंदाजाला) धावबाद केलं. सगळे ओरडले, "लबाड खंयचो!" व्यावसायिक क्रिकेटात हे चालतं का?
– एक मामा, देवगड

उत्तर : चालतं, मामा. १९४७ साली सिडनी कसोटीत भारताच्या विनू मंकड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊनला असंच बाद केलं. त्याआधीच्या दौरा-सामन्यात ताकीद देऊन बादही केलं होतं, तरी गडी क्रीज सोडतच होता! खुद्द ऑस्ट्रेलियाचे कर्णधार ब्रॅडमन यांनी मंकडचीच बाजू घेतली. २०२२ पासून तर हा प्रकार 'अनुचित खेळा'च्या कलमातून काढून साध्या धावबादमध्ये टाकलाय. ताकीद बंधनकारक नाही. मालवणात पंचगिरी करताना मी सरळ बोट वर करतो आणि शिव्या खातो (बहुधा हरणाऱ्या वाडीच्या). मात्र भाच्याचा हात चेंडू सोडण्याच्या जागेपुढे गेला असेल, तर फलंदाज नाबाद.