पद सोडण्याआधी किल्ल्या सोडून बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुख्याध्यापिका होऊन १४ महिने झाले, शाळेत नऊ शिक्षक, रविवारीही फोन थांबत नाही, संध्याकाळी मुलगी काही सांगायला आली की नुसतं 'हं हं' होतं, आणि आता पद सोडून परत वर्गावर जावं का, असं तुम्ही विचारताय. त्याच खुर्चीत मी १७ वर्षं बसले, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी रक्त तपासून घ्या. सीबीसी (म्हणजे रक्तपेशींची मोजणी, हिमोग्लोबिन त्यातच कळतं), थायरॉइड, साखर, बी-१२. मीही वर्षभर 'कामाचा ताण' म्हणत राहिले आणि हिमोग्लोबिन निघालं ८.२. बायकांमध्ये ते १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना तो होता. माझ्या बाबतीत तरी त्यातला काही भाग मीच ओढवून घेतला होता. पोषण आहाराची खिचडी मुलांना वाढण्याआधी चाखून नोंदवहीत सही करायची असते. ते काम मी कुणाला दिलंच नाही. त्या दोन चमच्यांवर माझं जेवण उरकायचं, कारण नेमकं मधल्या सुट्टीत कुणीतरी पालक, कुणीतरी दाखल्यासाठी, कुणीतरी भांडण घेऊन दारात उभं असायचं. डबा तसाच घरी परत. सासूबाई ओट्यापाशी झाकण उघडून बघायच्या, वाळलेली पोळी बाजूला काढायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्यांचं ते गप्प राहणं मला फार उशिरा कळलं.

रिपोर्ट चांगले आले तरी थकवा खोटा ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं नोंदवली: पार गळून जाणं, कामावरून मन उडणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. कामाच्या जागचा ताण दीर्घकाळ हाताबाहेर राहिला की हे होतं, असं त्यांनी स्पष्ट म्हटलंय. तुमच्या लिहिण्यात तिन्ही दिसतात. 'मीच कमी पडते' हे वाक्य तुम्ही तीनदा लिहिलंय. ते मनातून काढा.

आता मुख्य मुद्दा. मला कामाच्या तासांनी दमवलं नाही, मला विचारण्यांनी दमवलं. शाळेच्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या एका जुडग्यात माझ्या पर्समध्ये असायच्या. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं त्या दिवशी मी बाहेर बाकड्यावर बसले होते आणि फोन आला, "मॅडम, खडूचा बॉक्स कुठल्या कपाटात आहे?" आधी राग आला. मग पर्स उघडली तर कपाटाची किल्ली माझ्याजवळच. त्या बिचाऱ्या शिक्षकाने दुसऱ्या कुणाला विचारायचं होतं?

त्यानंतर तीन दिवस मी डायरीच्या मागच्या पानावर लिहून काढलं, कोण काय विचारायला आलं ते. एका दिवसात ४१ वेळा. त्यातल्या सहाच गोष्टींना मी लागत होते. हे तुम्ही उद्यापासून करा, बाकी काही जमलं नाही तरी हे करा.

मग वाटणी केली. पोषण आहार एका बाईंकडे, शालार्थ या सरकारी संगणक प्रणालीतली पगारबिलं आणि यू-डायसची, म्हणजे दरवर्षी सरकारला द्यायची शाळेची माहिती लिपिकाकडे, परिपाठ आणि सहली तिसऱ्याकडे. इथे बहुतेक जणी चुकतात. काम देतात, पण 'करण्याआधी मला विचारा' असं सांगतात, म्हणजे काम दुप्पट. रजिस्टर, किल्ली आणि ठरवायचा अधिकार, तिन्ही एकदम द्यायचं. पहिल्याच महिन्यात तांदळाचा साठा २० किलोने जुळेना. काम परत ओढून घ्यावं असं फार वाटलं. तसं न करता दोन संध्याकाळी त्या बाईंच्या शेजारी बसले, नोंदी ताडून पाहिल्या. एका दिवसाची नोंद राहिली होती. पुढच्या सात वर्षांत मला ते रजिस्टर महिन्यातून एकदाच उघडावं लागलं. तुमच्याकडे ठेवायचं ते पैशांवरची सही, मुलांच्या सुरक्षिततेची कुठलीही तक्रार आणि शिक्षकांच्या वागणुकीचे प्रश्न. यातलं काही खाली ढकलू नका.

वरून येणाऱ्या कामांनाही बांध घालता येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बिगरशैक्षणिक कामाला लावता येत नाही. तोंडी निरोपावर शिक्षक पाठवू नका, लेखी आदेश मागा, नम्रपणे पण दर वेळी. पाण्याची टाकी, कुंपण, गावातला वाद यांसाठी शाळा व्यवस्थापन समितीला पुढे करा. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असतात, त्या खरंच उभ्या राहतात.

फोनचं मी एकच वाक्य ठेवलं होतं: मुलाला लागलं किंवा कुणी हरवलं तर केव्हाही, बाकी सकाळी साडेदहाला. जूनमध्ये सांगितलं, अंगवळणी पडायला दिवाळी उजाडली.

घराचं थोडक्यात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, पुरुष ८८. यजमानांकडे 'मदत' मागू नका, एक वेळचा स्वयंपाक पूर्ण त्यांच्याकडे द्या, भाजी काय करायची हे ठरवण्यासकट. आमच्याकडे रात्रीचा होता. पहिले काही महिने खिचडीच व्हायची, आणि ती मी बसून, गरम खाल्ली.

शाळेतून घरी येताना मी एक स्टॉप आधी उतरायचे. त्या १५ मिनिटांच्या चालण्यात शाळा मागे पडायची. मुलीसाठी तुम्हाला हेच हवंय असं वाटतं.

परत वर्गावर जाणं ही हार नाही, पण हा निर्णय मार्चमध्ये घेऊ नका. उन्हाळ्याच्या सुट्टीचे पंधरा दिवस जाऊ द्या. तोवर रोजचा एक तास स्वतः शिकवा. सातवीचं गणित मी शेवटपर्यंत सोडलं नाही. अपूर्णांक कळल्यावर मागच्या बाकावरचं पोर जे बघतं, त्यावर माझे उरलेले सहा तास निघायचे.

झोप पूर्ण उडाली असेल किंवा जगणं नको असं मनात येत असेल तर मात्र कशाचीच वाट बघू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २४ तास चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलतात.

रिपोर्ट आले की आकडे कळवा, हिमोग्लोबिन आणि बी-१२ नक्की. आणि उद्या डबा घेऊन शिक्षकांच्या खोलीत बसा, ऑफिसात नको.