पूर आला की नदीकाठच्या तळ्यातले मासे वाहून जातात का?

थोडे जातात, पण नवे भरपूर येतातही. तुम्हाला वाटतंय की पुरात पाणथळीतले मासे संपत असतील, पण गोड्या पाण्यातल्या बऱ्याच माशांचं अख्खं टाइमटेबलच पुरावर बसलेलं असतं. कोकणात कुणालाही विचारा, पहिला दणकून पाऊस झाला की मासे अंडी घालायला नदी-ओढ्यातून भातखाचरात चढतात, कुठे वलगण म्हणतात कुठे चढणीचे मासे. (आणि नेमके तेव्हाच आपण गाबोळीसकट धरून खातो, ते असो.)

मोठ्या प्रमाणावर बघायचं तर आसाम. ब्रह्मपुत्रेच्या दोन्ही काठांना शेकडो तळी, त्यांना तिकडे बील म्हणतात, काही तर नदीने सोडलेली जुनी वळणंच. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत, पुराचं वाहतं पाणीच लागतं. १९५७ ला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी ओडिशात माशांना हार्मोनचं इंजेक्शन देऊन अंडी घालून घेतली, तोवर तळ्यात सोडायचं बीज, म्हणजे पिल्लं, मुख्यतः पुराच्या नदीतूनच गोळा करायला लागायचं. तर पुरात जन्मलेली पिल्लं प्रवाहाबरोबर बिलात शिरतात, तिथं नुकती बुडालेली जमीन, त्यामुळे बारीक जीवजंतू भरपूर आणि लपायला गवत, मग झपाट्याने वाढतात आणि पाणी ओसरताना काही नदीत परत, काही तिथंच अडकून.

घोळ होतो तो बांधांमुळे. नदीच्या काठाने बांध घातला आणि त्यातलं स्लुइस गेट (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) ऐन पावसात बंद, की बील नदीपासून तुटलं. नवी पिल्लं येत नाहीत, जलपर्णी माजते, ऑक्सिजन कमी होतो आणि मग टिकतात कोण तर मरळ, मागूर, शिंघी, जे वर येऊन थेट हवा घेतात. म्हणजे मासे दिसतात, पण ठराविक जातीचेच. माझ्या मते पुरापेक्षा हेच जास्त नडतं.

अर्थात सगळेच पूर चांगले नसतात. पाणी आठवडेच्या आठवडे तुंबलं की बुडालेलं पीक कुजून ऑक्सिजन संपतो आणि मासे पटापट मरतात, उलट दोन दिवसांत उतरलं तर खाचरातली अंडी उघडी पडून वाळतात. शिवाय शेततळी ओसंडून थाई मांगूर, चिलापी असे परदेशी मासे नदीत येतात. हा थाई मांगूर (वरचा देशी मागूर नव्हे) पाळायला बंदी आहे तरी लोक पाळतातच, आणि तो एकदा पाणथळीत घुसला की काढणं जवळपास अशक्य.