अंडं न फोडता आतलं पिल्लू कसं वाढतं हे बघता येतं का?

येतं की! आमच्या कोल्हापूरकडं गावठी कोंबडीचं अंडं खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवल्यावर पाच-सहा दिवसांनी अंधारात बॅटरीवर धरून बघतात, आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या की अंडं जिवंत, ही त्यातलीच सगळ्यात साधी पद्धत बघा.

लॅबमध्ये हेच काम ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) करतं, १९९१ साली आलेलं तंत्र, डोळ्याच्या दवाखान्यात पडदा तपासायला वापरतात तेच. सोनोग्राफीसारखंच समजा, फक्त आवाजाऐवजी डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड उजेड सोडायचा आणि तो आतून परत येतो त्यावरून थराथराचं चित्र तयार होतं, रंग टोचायला नको काही नको, गर्भाचं इवलंसं हृदय धडधडताना चालू दिसतं. पण खोली जेमतेम एक-दोन मिलिमीटर, आणि कोंबडीचं कवच उजेड विखरून टाकतं म्हणून कवचाला छोटी खिडकी पाडावीच लागते, म्हणजे तुम्ही म्हणताय तसं अगदी 'न फोडता' नाही.

म्हणून तर झेब्राफिश या छोट्या माशाचा एवढा बोलबाला, त्याचा गर्भ काचेसारखा पारदर्शक आणि साधारण एका दिवसात हृदय सुरू. त्यावर लाइट-शीट मायक्रोस्कोप लावतात, बाजूनं उजेडाचा पातळ पापुद्रा सोडायचा आणि काटकोनातून कॅमेरा, उजेड तेवढ्याच थरावर पडतो म्हणून पेशी भाजत नाहीत आणि तासन्‌तास शूट करता येतं. फक्त त्यासाठी पेशी त्या उजेडात चमकणाऱ्या (फ्लुरोसंट) असाव्या लागतात.