अल्पाका नंतर, आधी जून काढून बघ

पोरी,

तुझं पत्र मिळालं, सोबतचे फोटोही पाहिले. जनावर देखणं आहे, त्यात वाद नाही. तुझ्या काकूने फोटो पाहून "ही मेंढी की उंटाचं पिल्लू?" असं विचारलं. तिचा नेम बरोबर लागला, अल्पाका उंटाच्याच कुळातला.

एक एकर पडीत आहे, तिथं तीन अल्पाका ठेवायचे आणि लोकर विकायची, असं तू लिहिलंस. तीन म्हणालीस ते चांगलं केलंस, कारण एकटा अल्पाका झुरतो. पण कातरणी वर्षातून एकदाच, लोकर जनावरामागे साधारण २ ते ४ किलो. मादी साडेअकरा महिने गाभण राहते आणि पिल्लू देते एकच. परदेशातून जनावर आणायचं तर केंद्राचा परवाना आणि विलगीकरण आलंच. घाईच्या माणसाचं हे काम नव्हे.

खरी अडचण हवेची. हे जनावर पेरू-बोलिव्हियातलं, साडेतीन हजार मीटरच्या वर राहणारं, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. पाळणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेचा टक्का यांची बेरीज करायची. १५० च्या वर गेली की सावध, १८० ला जिवावर. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, आपल्याकडे ४५ अंश, म्हणजे ११३. हवा कोरडी, आर्द्रता २० धर. झाले १३३. बेरीज कमी आली म्हणून मे निर्धोक समजू नकोस, तेव्हा हवाच जनावराच्या अंगापेक्षा गरम असते. पण मृगाच्या सरी पडून उघडीप झाली की ३६ अंश म्हणजे ९७, आणि आर्द्रता ५५ धर. बेरीज १५२. तो उकाडा तू जन्मापासून काढते आहेस. आता तोच अंगावर गोधडी घेऊन काढायचा आहे असं समज.

आणि अशा वेळी कळवळून पाठीवर बादली ओतशील तर घात होईल. भिजलेली लोकर उष्णता कोंडून धरते. पाणी मारायचं ते पोटावर आणि मांड्यांच्या आतून, जिथं लोकर विरळ असते.

माझं ऐकशील तर पहिली दोन वर्षं बेरारी शेळी सांभाळ. ती वऱ्हाडातलीच, इथलं ऊन तिच्या ओळखीचं. पाच महिन्यांत विते, पुष्कळदा जुळी देते. तुरीचं, हरभऱ्याचं कुटार तुझ्या घरचंच आहे, बाभळीच्या शेंगा बांधावर पडतात. शिवाय रात्री दहाला शेळी अडली तर गावातला डॉक्टर हात घालतो. अल्पाका अडला तर तो आधी मोबाइलमध्ये बघेल.

शेळी सोपी, असंही नाही. मी सुरुवातीला बाजारातून बारा शेळ्या आणल्या आणि हौसेनं थेट कळपात सोडल्या. आठव्या दिवशी नाकं वाहायला लागली, मग तोंडात फोड, मग हगवण. पीपीआर, शेळ्या-मेंढ्यांचा झपाट्यानं पसरणारा साथीचा रोग. आणलेल्यांतल्या सात गेल्या आणि घरच्या चार. विकणाऱ्यानं लस दिल्याचं सांगितलं होतं. मी कागद मागितला नव्हता. आता नवीन जनावर तीन आठवडे वेगळ्या कुडात राहतं, त्याची बादलीसुद्धा वेगळी. काकू हसते, म्हणते जावयालाही एवढं जपलं नाही.

अल्पाकाची एक सवय मात्र उचलण्यासारखी आहे. सगळा कळप ठरलेल्या कोपऱ्यात लेंड्या टाकतो आणि तिथं सहसा चरत नाही. त्यामुळे जंत कमी पसरतात. आपली शेळी चरता चरता टाकत जाते आणि पावसाळ्यात जंत तिथूनच तिच्या पोटात परत येतात. म्हणून तिच्याऐवजी तू ती शिस्त पाळ. गव्हाण जमिनीपासून उंच बांध, गोठा रोज झाड, पडीत एकराचे चार तुकडे करून आळीपाळीनं चारत जा. लेंडीखत संत्र्याला घाल.

पोळा झाला की ये. बेरारीच्या दोन पाठी, म्हणजे तरुण माद्या, तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवल्यात, लस दिलेल्या, कागदासकट. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर बाजारात मिळतं, ते घेऊन गोठ्यात टांग आणि रोज दुपारी तीनला वहीत बेरीज लिही. पुढच्या जूनची पानं घेऊन आलीस की अल्पाकाचं बोलू.

तुझा काका