जुन्या ॲल्युमिनियमच्या मासेमारी होडीची दुरुस्ती कुठून सुरू करावी? मधला बाक काढून सपाट डेक केला तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: होडी १४ फुटी, रिव्हेटची, तीन बाकांची. तळातून पाणी येतं, इंजिन टांगायचा मागचा लाकडी फळा मऊ झालाय. त्यात मधला बाक काढून सपाट डेक, कार्पेट, फिरती खुर्ची आणि विजेवरची ट्रोलिंग मोटर (मासेमारी करताना होडी हळू सरकवणारी छोटी मोटर) बसवायची आहे.

बाक काढू नका. आणि डेकचं प्लायवूड आत्ताच विकत आणू नका. आधी होडी पूर्ण रिकामी करा, गळती बंद करा, मागचा फळा (ट्रान्सम) नवा करा, फोम बघा. डेकचा नंबर त्यानंतर. बहुतेक लोक उलटं करतात. महिनाभर खपून सुंदर डेक करतात आणि पहिल्याच फेरीत खाली पाणी साचलं की तोच डेक उचकटत बसतात.

बाकाचं आधी सांगतो. अशा होडीचा पत्रा साधारण दीड ते दोन मिलिमीटरचा असतो. दोन्ही बाजूंना रिव्हेट केलेला बाकाचा डबा त्या बाजूंना एकमेकींपासून ठरलेल्या अंतरावर धरून ठेवतो. तो काढलात की लाट आली तशा बाजू आत-बाहेर लपकायला लागतात, बरगड्यांजवळचे रिव्हेट ढिले होतात आणि केलेली गळतीची दुरुस्ती वाया जाते. शिवाय त्याच डब्यात तरंगण्याचा फोम असतो. १२० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद, ३५ सेंमी उंच बाक म्हणजे १२६ लिटर फोम. तो गेला तर तेवढाच दुसरीकडे बसवावा लागेल, आणि १४ फुटांत तेवढी मोकळी जागा सहसा नसते. म्हणून मधला बाक तसाच ठेवा. पुढच्या टोकापासून पहिल्या बाकापर्यंत, बाकाच्या उंचीवर किंवा त्याहून थोडा खाली डेक करा आणि बाकांच्या मधल्या जागेत खाली सपाट तळफळ्या घाला. होडीच्या तळाची सपाट रुंदी १२० सेंमीपेक्षा कमी असेल तर उंच डेकवर उभं राहून गळ टाकायचा विचार मी तरी करणार नाही. माणूस जितका वर उभा, तितकी होडी कलायला सोपी.

आता गळती. जुना फोम, फळ्या, कार्पेट सगळं बाहेर काढा. होडी ट्रेलरवर किंवा लाकडी घोड्यांवर (आधारांवर) सपाट ठेवून कण्याखाली तीन-चार जागी भक्कम टेकू द्या, पाणी काढायच्या भोकाला बूच लावा आणि आत ८ ते १० सेंमी पाणी भरा. त्याहून जास्त नको. तीन चौरस मीटर तळावर १० सेंमी पाणी म्हणजे ३०० किलो वजन, आणि तळाची रचना बाहेरून येणारा दाब झेलण्यासाठी असते. अर्धा तास थांबा, खाली झोपून बघा आणि थेंब दिसेल तिथे मेणाच्या पेन्सिलीने खूण करा. साध्या मार्करची खूण ओल्या पत्र्यावर टिकत नाही. थेंब रिव्हेटच्या टोपीभोवती येतोय की जोडाच्या रेषेतून, हे वेगवेगळं लिहून ठेवा, कारण दोन्हींचा उपाय वेगळा आहे.

ढिला रिव्हेट बऱ्याचदा पुन्हा आवळता येतो. त्याला दोन माणसं लागतात. एकाने आतून जड पोलादी ठोकळा (वर्कशॉपमध्ये याला डॉली म्हणतात) रिव्हेटच्या शेपटीवर घट्ट दाबून धरायचा, दुसऱ्याने बाहेरून टोपीच्या आकाराचा खळगा असलेला ठसा (स्नॅप) लावून तीन-चार ठोके मारायचे. टोपीवर थेट हातोडी मारू नका, टोपीची कड कापली जाते. ठोकूनही हलत असेल तर भोक मोठं झालंय, रिव्हेट बदला. टोपीच्या बरोबर मध्यावर पंच मारून ड्रिल करा, टोपी उडवा आणि शेपूट ठोकून बाहेर काढा. ड्रिल तिरका गेला तर भोक अंडाकृती होतं आणि मग एक माप मोठा रिव्हेट घालावा लागतो.

नवा भरीव रिव्हेट बहुधा ४.८ मिमीचा लागेल, भोक ४.९. लांबी काढायची रीत: जोडाची एकूण जाडी अधिक रिव्हेटच्या व्यासाची दीडपट. जोड ४ मिमीचा असेल तर ४ अधिक ७.२, म्हणजे ११ मिमीच्या आसपास. ठोकल्यावर आतली गाठ साधारण ७ मिमी रुंद आणि अडीच मिमी उंच व्हायला हवी. धातू ५०५६ मिश्रधातूचा घ्या. विमानांसाठीचे २११७ चे रिव्हेट स्वस्तात मिळाले तरी नकोत, त्यांत तांबं असतं आणि खाऱ्या पाण्यात ते टिकत नाहीत. डब्यासारख्या बंद जागेत आतून हात जात नसेल तर पॉप रिव्हेट (एकाच बाजूने बसवता येणारा) चालतो, पण बंद तोंडाचा, आणि आतली काडीसुद्धा ॲल्युमिनियमचीच असलेला. साध्या पॉप रिव्हेटमध्ये मधून पाणी येतं आणि लोखंडी काडी आतच गंजते. प्रत्येक नवा रिव्हेट पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बुडवून लावा. सिलिकॉन टाळा. त्यावर पुढे कुठलाच रंग धरत नाही, आणि व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार ॲल्युमिनियमला खातोही.

जोडाची रेषा पाझरत असेल तर आधी तिथले रिव्हेट आवळा, मग आतून जोड घासून, ॲसिटोनने पुसून, लवचीक इपॉक्सी सीलर ब्रशने दाबून भरा. क्रम महत्त्वाचा. ढिल्या जोडावर नुसता सीलर फासला तर पत्रा हलत राहतो आणि थर वर्षभरात तडकतो.

तडा गेला असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. वर त्याच जाडीच्या ५०५२ मिश्रधातूच्या पत्र्याचं ठिगळ लावा. कोपरे गोल, तड्याच्या सगळीकडून किमान ३ सेंमी जास्त, खाली सीलंट, रिव्हेट दोन ओळींत, एका ओळीतला दुसऱ्या ओळीतल्या दोघांच्या मध्ये येईल असे, २० ते २५ मिमी अंतरावर. वेल्डिंगचा मोह होतो, पण पातळ रिव्हेटच्या होडीत मी ते शेवटचा उपाय म्हणूनच सुचवेन. उष्णतेने आजूबाजूचा कडक पत्रा मऊ पडतो, शेजारच्या जोडातलं सीलंट जळतं आणि फटीतल्या जुन्या तेला-रंगामुळे वेल्डमध्ये भोकं राहतात. गॅस टॉर्चवर वितळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या कांड्या हलत्या तळावर वापरूच नका. पोचे मात्र रबरी हातोडी आणि वाळूची पिशवी घेऊन हळूहळू काढता येतात. थोडा खळगा राहिला तर राहू द्या, जास्त ठोकल्याने पत्रा कडक होऊन चिरतो.

ट्रान्सम. इंजिन धरून पुढे-मागे हलवल्यावर फळा हलत असेल किंवा हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज येत असेल, तर वरवर इपॉक्सी ओतून चालणार नाही. कोपऱ्यांच्या टोप्या आणि आतला तिरका टेकू सोडवा, फळा काढा आणि तुकडे झाले तरी फेकू नका, त्यावरून पुठ्ठ्याचा साचा काढा. नवीन फळा १८ मिमीच्या दोन मरीन प्लायचा. त्या इपॉक्सीने चिकटवून रात्रभर क्लॅम्पमध्ये दाबा, जाडी ३६ मिमी होते. जुन्याची जाडी मोजून ती जुळवा, कारण इंजिनचे क्लॅम्प आणि कोपऱ्यांच्या टोप्या त्याच मापाच्या असतात. उंचीही मोजा: आखूड दांड्याच्या इंजिनला सुमारे ३८ सेंमी, लांब दांड्याच्याला ५१. सगळ्या बाजूंना, विशेषतः कापलेल्या कडांना, इपॉक्सीचे तीन हात द्या. कड हीच लाकडाची तहानलेली बाजू.

बोल्टची भोकं आधी ३-४ मिमी मोठी पाडा, घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा आणि सुकल्यावर मूळ मापाने पुन्हा ड्रिल करा. पाणी शिरतं ते या भोकांतूनच, आणि बहुतेक ट्रान्सम तिथूनच कुजतात. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, मोठ्या वॉशरसह, सीलंटमध्ये. फळ्याच्या खालच्या कडेला थोडी फट ठेवा, म्हणजे तो साचलेल्या पाण्यात उभा राहणार नाही.

लाकडाबाबत एक कडक नियम: वाळवीरोधक प्रक्रिया केलेलं लाकूड किंवा प्लाय ॲल्युमिनियमला लावू नका. त्या द्रावणात बहुधा तांबं असतं. ओल लागली की तांबं आणि ॲल्युमिनियम मिळून बॅटरीसारखे वागतात आणि पत्रा झिजतो. याच कारणाने तळात पडलेलं तांब्याचं नाणं किंवा शिशाचं वजनसुद्धा पत्र्याला भोक पाडू शकतं. स्टेनलेसचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये जातो तिथे गंजरोधक पेस्ट लावा. लोखंडी स्क्रू अजिबात नको.

पांढरी भुकटी आणि सुईच्या टोकासारखे खड्डे दिसतील ते बहुतेक ओल्या फोमखाली किंवा कार्पेटखाली. ओल धरून बसलेल्या, हवा न लागणाऱ्या जागी ॲल्युमिनियमचा संरक्षक थर पुन्हा तयार होत नाही. म्हणून फोम तळाला न टेकवता थोडा वर ठेवा आणि पाण्याला मागच्या बुचाकडे वाट द्या.

जुन्या फोमचा तुकडा कापून पिळून बघा. पाणी निघालं तर सगळा बदला. किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. पाण्यात बुडालेल्या ॲल्युमिनियमचं वजन सुमारे ६३ टक्के उरतं. ९० किलोच्या होडीचे ५७ धरा. ३५ किलोचं इंजिन आणि २५ किलोची बॅटरी पूर्ण धरा. झाले ११७. त्यात निम्मं जादा धरून १७५ किलो. बंद पेशींच्या फोमचा एक लिटर साधारण ०.९६ किलो उचलतो, म्हणजे १८० लिटरच्या आसपास. दोन बाकांत हे बसतं. फोम शक्य तितका बाजूंना आणि वर ठेवा. तो सगळा तळात असेल तर भरलेली होडी उलटी होऊन तरंगते. पांढरा थर्माकोल आणि एक्सपीएस (थर्माकोलचाच घट्ट प्रकार) दोन्ही पेट्रोलने विरघळतात, त्यामुळे टाकीजवळ पॉलिथिलीन फोम घाला.

रंगाचं थोडक्यात. गोड्या पाण्यात, ट्रेलरवर ने-आण करायच्या होडीचा तळ बिनरंगाचा राहिला तरी काही बिघडत नाही. रंगवायचाच असेल तर जुन्या पिवळट-हिरव्या प्राइमरपासून सावध राहा. तो विषारी झिंक क्रोमेट असू शकतो, कोरडा घासू नका, मास्क लावा. रंग काढायला कॉस्टिक सोडा नको, तो ॲल्युमिनियमच विरघळवतो. लोखंडी तारेचा ब्रशही नको, लोखंडाचे कण रुतून नंतर गंजाचे ठिपके उठतात. ८० आणि मग १२० चा पॉलिश पेपर, ॲसिटोनने पुसणं, आणि त्याच दिवशी प्राइमर. एच प्राइमरवर (पत्रा किंचित कोरून धरून बसणारा आम्लयुक्त प्राइमर) कुठला इपॉक्सी चालतो हे डब्यावर वाचा, सगळे चालत नाहीत. तांबंयुक्त शेवाळरोधक रंग ॲल्युमिनियमवर कधीच नाही.

मग डेक. सांगाडा २५ × २५ × ३ मिमी ॲल्युमिनियम अँगलचा, टेकू ४० सेंमी अंतरावर, वर १२ मिमी प्लाय. रिव्हेट बरगड्यांत किंवा बाकाच्या बाजूत मारा, होडीच्या बाहेरच्या पत्र्यात नाही. असा प्लाय चौरस मीटरला सुमारे ७ किलो भरतो. त्यावर ओलं कार्पेट आलं की वजन बरंच वाढतं. मला कार्पेटपेक्षा वाळू मिसळलेला न घसरणारा रंग बरा वाटतो: हलका, लगेच सुकतो, आणि गळ अडकत नाहीत. निदान दोन झाकणं स्क्रू न काढता उघडतील अशी ठेवा. हे सगळं वजन होडीच्या क्षमतेच्या पाटीवरच्या आकड्यातून वजा करा. पाटी नसेल तर अमेरिकी तटरक्षक दलाची २० फुटांपेक्षा लहान होड्यांसाठीची अंदाजाची रीत वापरा: लांबी गुणिले रुंदी फुटांत, भागिले १५. १४ × ५ होडीला ४ माणसं, तीही शांत पाण्यात.

विजेत एकच गोष्ट कधी चुकवू नका: बॅटरीची निगेटिव्ह होडीच्या पत्र्याला जोडू नका. प्रत्येक उपकरणाला दोन्ही तारा स्वतंत्र ओढा, नाहीतर गळका प्रवाह पत्रा खातो. ५५ पौंड जोराची १२ व्होल्ट मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास घेते. तिला ६० अँपिअरचा ब्रेकर बॅटरीपासून १८ सेंमीच्या आत आणि १६ चौरस मिमीची कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार लावा. जाऊन-येऊन सहा मीटर तारेत ०.३ व्होल्टची घट होते. ६ चौरस मिमीची लावलीत तर जवळजवळ ०.९ व्होल्ट जातात, आणि तारही तापते.

बॅटरी कायमची पक्की करण्याआधी होडी उथळ पाण्यात सोडा. माणसांच्या जागी वाळूच्या पिशव्या ठेवा आणि पुढे-मागे कशी बसते ते बघा. इंजिनमुळे मागे झुकत असेल तर बॅटरी पुढच्या डेकखाली सरकवा. खुर्चीचा खांब मात्र १२ मिमी प्लायवर तसाच बसवू नका, खाली दोन टेकूंना जोडणारी ३ मिमीची ॲल्युमिनियम पट्टी घालून बोल्ट आरपार घ्या. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर तळफळ्या उचलून ट्रान्समच्या कोपऱ्यांतले आणि मधल्या बाकाखालचे रिव्हेट पुन्हा तपासा, गळती परतली तर सहसा तिथूनच परतते.