बिल्ला पडलेली जपानी गिटार: कोणाची आणि कधीची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत एका घरासमोरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत तुम्हाला इलेक्ट्रिक गिटार मिळाली. हेडस्टॉकवरचा, म्हणजे खुंट्या असलेल्या वरच्या टोकावरचा, नावाचा बिल्ला गळून पडलाय. मागच्या नेकप्लेटवर (नेक, म्हणजे गिटारीची मान, बॉडीला जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर) 'मेड इन जपान' आणि 'स्टील रीइन्फोर्स्ड नेक' एवढंच आहे. चार पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग), पांढरी रॉकर बटणं, रेघारेघांचा धातूचा पिकगार्ड (बॉडीला ओरखड्यांपासून वाचवणारा पत्रा), खुंट्या वरच्या बाजूला चार आणि खाली दोन. विकणारा म्हणाला, टेइस्को या जपानी कंपनीची, पन्नासच्या दशकातली. मित्र म्हणतो, लॉसूट गिटार आहे (नकलेवरून कोर्टात दावा झालेल्यांपैकी), जपून ठेव.

पन्नासच्या दशकातली नाही. लॉसूटशीही तिचा काही संबंध नाही. टेइस्को मात्र असू शकते, आणि वर्णनावरून माझाही कल तिकडेच आहे.

बिल्ला गेला म्हणून हळहळू नका. साठच्या दशकात जपानमधून अमेरिकेत गेलेल्या गिटारींवरचं नाव बहुतेक वेळा बनवणाऱ्याचं नसायचंच. केंट, किंग्स्टन, नॉर्मा ही आयातदारांनी लावलेली नावं. सिल्व्हरटोन हे तर सीअर्स या अमेरिकी दुकानसाखळीचं स्वतःचं. एका नावाखाली दोन-तीन कारखान्यांचा माल यायचा, आणि एकाच कारखान्यातून निघालेली तीच गिटार तीन नावांनी विकली जायची. म्हणून हेडस्टॉक वाचून कारखाना सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

टेइस्कोचीच गोष्ट घ्या. कंपनी १९४६ साली तोक्योत सुरू झाली. 'टेइस्को डेल रे' हे अमेरिकेतलं नाव १९६४ पासूनचं. जानेवारी १९६७ मध्ये कंपनी हामामात्सुच्या कावाईने विकत घेतली, पण नाव चालू ठेवलं. म्हणजे 'टेइस्को' असं स्पष्ट लिहिलेली गिटारसुद्धा प्रत्यक्षात कावाईची असू शकते. त्यामुळे 'ही टेइस्को आहे का' यापेक्षा '१९६७ च्या आधीची की नंतरची' हा प्रश्न जास्त कामाचा.

चार पिकअप आणि ढीगभर बटणं ही त्या काळाचीच खूण. जानेवारी १९६५ मध्ये व्हेंचर्स या अमेरिकी बँडचा जपान दौरा झाला आणि तिथे इलेक्ट्रिक गिटारचं वेड उसळलं. अमेरिकेतही बीटल्सनंतर प्रत्येक पोराला गिटार हवी होती. जितकी जास्त बटणं, तितकी गिटार भारी दिसायची. दशक संपता संपता ही लाट ओसरली आणि कितीतरी कारखाने बंद पडले. रेघांचा पिकगार्ड आणि ४+२ खुंट्या एकत्र दिसल्या की मी १९६५-६६ च्या आसपास बघायला लागतो. पण फोटोशिवाय यापुढे जाणार नाही, कारण खरा पुरावा आत असतो.

आधी तारा सैल करा. नेकप्लेटचे चारही स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने सोडवा. नेक निघाली की खाचेत कागदाची किंवा लाकडाची बारीक चकती सापडेल, ती टाकून देऊ नका. नेकचा कोन तिच्यावर ठरलेला असतो. मग नेकचा टाचेचा भाग आणि ती खाच, दोन्ही नीट बघा. पेन्सिलीने लिहिलेले आकडे किंवा शाईचा शिक्का असला तर त्यासारखं दुसरं काही नाही.

फक्त ते आकडे वाचताना सांभाळा. मी नोकरीनिमित्त काही वर्षं नागोयात होतो. तिथे घेतलेल्या एका बिननावाच्या गिटारीच्या टाचेवर '४५.३' असं लिहिलेलं होतं. १९४५ चा मार्च? युद्धाच्या त्या महिन्यांत कोण इलेक्ट्रिक गिटार बनवत बसणार, या कोड्यात मी आठवडाभर होतो. ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्याने बघताक्षणी सांगितलं, हा शोवा शक आहे, जपानी सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजलेली वर्षं. शोवा वर्षात १९२५ मिळवा: शोवा ४५ म्हणजे १९७०. तुमच्या गिटारीवर ४० किंवा ४१ दिसलं, तर ते १९६५ किंवा १९६६ असणार.

अमेरिकी गिटारींची सवय असलेले लोक पॉटवरचा (आवाज-टोनच्या नॉबखालच्या फिरत्या भागावरचा) कोड शोधतात. तिथे '१३७६६१२' म्हणजे सीटीएस कंपनी, १९६६ चा बारावा आठवडा. जुन्या जपानी पॉटवर ही पद्धत सहसा नसतेच. तुम्हाला असा कोड दिसला तर आधी पॉट कोणी बदललंय का ते तपासा. जपानी पॉटचा दांडा बहुधा ६ मिलिमीटरचा असतो, अमेरिकी पाव इंची, त्यामुळे बाहेरून आणलेली नॉब डुगडुगते. पिकअपच्या खड्ड्याची कडाही बघा: लाकडाचे थर दिसले तर बॉडी प्लायवूडची. त्या काळच्या स्वस्त गिटारींत हे नेहमीचंच, तेवढ्यावरून तिला बनावट ठरवू नका.

नेकप्लेटवर एखादा आकडा असलाच तर त्यावरून साल काढायच्या भानगडीत पडू नका. सिरियल नंबरवरून साल काढणं सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर जमतं, तेही काही नावांपुरतं. मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्याने बनवलेल्या इबानेझ आणि ग्रेको नावांच्या गिटारींवर आधी ए ते एल मधलं एक अक्षर, तो महिना; मग दोन आकडी साल. 'एफ७८' ने सुरू होणारा नंबर म्हणजे जून १९७८.

आता लॉसूट. जून १९७७ मध्ये गिब्सन या अमेरिकी गिटार कंपनीची मालक नॉर्लिन हिने इबानेझच्या अमेरिकेतल्या शाखेवर, एल्गरवर, फिलाडेल्फियात दावा लावला. वाद हेडस्टॉकच्या आकाराचा होता, आणि तो पुढे आपसात मिटला. गंमत म्हणजे इबानेझने तो आकार दाव्याच्या आधीच बदलायला घेतला होता. म्हणजे ही गोष्ट एका कंपनीच्या गिब्सन नकलांपुरती आहे. तुमची गिटार कशाचीच नक्कल नाही, तिचा चेहरा तिचा स्वतःचा आहे, आणि मला ती त्यासाठीच आवडते. ऑनलाइन विक्रीत 'लॉसूट' हा शब्द केवळ किंमत चढवायला वापरतात.

एक काळजीची गोष्ट. 'स्टील रीइन्फोर्स्ड' म्हणजे नेकमध्ये पोलादाची पट्टी आहे, पण ती पिळून नेक सरळ करता येईल असं गृहीत धरू नका. तशी सोय असलेल्या गिटारीच्या प्लेटवर बहुधा 'अॅडजस्टेबल' लिहिलेलं असतं. पट्टी पिळायचा नट दिसत नसेल तर तो शोधायला लाकूड कोरू नका. हलक्या तारा चढवा, म्हणजे ताण कमी राहील.

पिकअपवर सोनेरी पत्रा असेल तर तो घासून पुसू नका आणि पिकअप सुटे काढून विकू नका. अमेरिकी गिटारवादक राय कूडरने आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये टेइस्कोचा गोल्ड फॉइल (सोनेरी पत्र्याचा) पिकअप बसवल्यापासून निव्वळ पिकअपसाठी चांगल्या गिटारी फोडल्या जातात.

आणि तो पडलेला बिल्ला: त्याच्या जागी खिळ्यांची भोकं आणि भोवती न उडालेल्या रंगाची आकृती उरली असेल. बाजूने तिरका उजेड टाकून तिचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. तो फोटो, नेकच्या खाचेचा आणि पिकअपच्या खालच्या बाजूचा, असे तीन इथे टाका. मग पुढचं बघू.