डाओमधला (डिजिटल टोकन बाळगणाऱ्या सभासदांच्या मतांवर चालणाऱ्या ऑनलाइन संस्थेतला) अ‍ॅम्बॅसेडर (संस्थेचा प्रचार करणारा प्रतिनिधी) स्वतःच्याच अनुदानाच्या प्रस्तावावर मत देऊ पाहतोय. काय करावं?

हितसंबंध मतदान सुरू होण्याआधी जाहीर व्हायला हवेत. नंतरच्या खुलाशाला अर्थ नाही. त्यात मानधन, टोकन आणि सगळी वॉलेट, म्हणजे टोकन ठेवायची खाती, यावीत (दुसरं वॉलेट नेमकं 'विसरलं' जातं). त्या प्रस्तावापुरतं त्यानं मतदान आणि चर्चेचं संचालन दोन्ही सोडावं. विचारलं तर माहिती द्यावी, बस. डेलिगेट झालेली, म्हणजे इतरांनी त्याच्याकडे सोपवलेली, मतंही त्यानं वापरायची नाहीत, हे नियमात लिहा, नाहीतर तीच पळवाट होते.

खरी गोची मल्टिसिगची, म्हणजे ठरावीक जणांच्या सह्यांशिवाय पैसे न सुटणाऱ्या सामायिक वॉलेटची. ५ पैकी ३ सह्या लागत असतील आणि दोघं हितसंबंधांमुळे बाजूला झाले, तर उरलेल्यांतला एकजण गायब झाला तरी पैसे अडकतात. ऐनवेळी नवा सहीदार जोडायलाही त्याच ३ सह्या लागतात, म्हणून राखीव सहीदार आधीच जोडून ठेवा.